पेशी माझ्या होत्या

मी, खाली सही करणारी, निवृत्त जीवशास्त्रज्ञ, स्वखुशीने, कोणाच्याही धाकाशिवाय आणि डोके ताळ्यावर असताना हे लिहून ठेवते. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. यजमानांना सोडून आले तेव्हा ती म्हणाली होती, "ताई, पुरुषमाणसाचं इतकं मनावर घ्यायचं नसतं." ते विसरलेले नाही. पण आजारपणात उशाशी तीच बसली.

२. सूक्ष्मदर्शक, पेशींची छायाचित्रे आणि न छापलेले सर्व काम माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला. प्रयोगशाळेत तिला टिटवी म्हणत. तिलाच का, ते नोंदवते.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. कोणते बोलणार नि कोणते गप्प बसणार, हे त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा ठरवतात. वाढत्या चेतापेशीत एक खूण वेळेवर पुसली गेली नाही, तर पेशी जगते, पण तिचा तंतू शेजारणीपर्यंत पोहोचत नाही. हे मी उंदराच्या गर्भात शोधले. विभागप्रमुख सर भरसभेत म्हणाले, "बाई, पेशी उपाशी ठेवल्यात, दुसरं काही नाही." सगळे हसले. पुढे तेच काम सरांनी स्वतःच्या नावावर छापले. सहलेखक, माझे यजमान. घरी जाब विचारला तर म्हणाले, "तुझं-माझं वेगळं आहे का?"

मी तक्रार केली. चौकशीत टिटवी एकटी उभी राहिली. "पेशी बाईंच्या आहेत. मी रोज बघत होते." तक्रार 'गैरसमज' म्हणून निकालात निघाली आणि तिची शिष्यवृत्ती बंद झाली. आता ती शाळेत शिकवते. हे काम घेशील का, असे परवा विचारले, तर म्हणाली, "बाई, त्याला हात लावायची इच्छा नाही राहिली." तरी तिलाच. विकले, फोडले, तिची मर्जी.

३. यजमानांना काही नाही. त्यांनी दावा लावल्यास त्यांना एवढेच सांगावे: हो, वेगळे आहे.

४. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. विभागाने शोकसभा घेऊ नये. सर माझ्या कष्टाळूपणाचे कौतुक करतील, आणि मेलेल्या माणसाला सभेतून उठून जाता येत नाही.

स्थळ : राहते घर
दिनांक : ९ नोव्हेंबर
सही

साक्षीदार :
१. शेजारच्या शिंपीणकाकू. सही.
२. घरचे डॉक्टर. सही करताना म्हणाले, "राग शांत झाल्यावर लिहिलं असतं तर?" मी म्हटले, "मग तुम्हाला कोऱ्या कागदावर सही करावी लागली असती." त्यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिले आहे : बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. रागातही आहेत, तो आजार नव्हे.