कुणी डोकावणार नाही असा लॅपटॉप

३ नोव्हेंबर, सोमवार

आज माझ्या डोळ्यांदेखत लॅपटॉपवरचा बाण आपोआप सरकायला लागला! मी हातही लावला नव्हता. फोन केला तर पुण्याहून चिरंजीव म्हणतात, "आई, मीच आहे. फालतू फाइल्स काढतोय." पीयूषने म्हणे मागच्या दिवाळीतच सोय करून ठेवली — त्याला तिथून माझा सगळा स्क्रीन दिसतो.

फालतू! त्यात माझ्या हॉस्टेलच्या आठवणींची पानं होती. "कचऱ्यातून परत काढून देतो ना." म्हणजे वाचून!

हे गेल्यापासून मी एकटी आहे. खुळी नाही.

४ नोव्हेंबर

कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात घरी जाणारं पत्र उघडंच द्यावं लागे. सिस्टर बेनेडिक्टा वाचत, मगच डिंक लावत. "जेवण बरं आहे" लिहिलं की पत्र जाई. "वरणात पाणीच पाणी" लिहिलं की परत येई. माझी खरी पत्रं मैत्रीण कांताला भेटायला येणाऱ्या मामांच्या पिशवीतून बाहेर पडत.

पण टायपिंग शिकवलं ते त्याच सिस्टरनी. दुपारच्या शांततेत ती खोली, ते अवजड यंत्र आणि मी. बोटांना रिबिनीची शाई. ओळ संपली की घंटी. कागद ओढून काढला की लिहिलेलं फक्त माझं! पुढे कोर्टात जन्मभर दुसऱ्यांची भांडणं टाइप केली. ती दुपार काही परत आली नाही.

५ नोव्हेंबर

सेवाग्रामला कांताकडे. गणिताची मास्तरीण होती, अजून तशीच बोलते. "अवं, लॅपटॉपची आतली यंत्रणाच बदल, लिनक्स टाक. फुकट आहे, मोकळं आहे. तुह्या परवानगीबिगर आत कोणी येत नाई."

माझ्या लॅपटॉपला तिचा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. त्यावरूनच सगळं चालू होतं, आतल्या कशाला धक्का लागत नाही. स्क्रीन छान आला — वायफाय नाही! कांता म्हणाली, "या लॅपटॉपचं अन् लिनक्सचं जमत नाई. दुसरा घे. पण हे लावून पाह्यल्याबिगर पैसे नको देजो."

८ नोव्हेंबर, शनिवार

वर्ध्यात पहिलं दुकान. "मॅडम, पेनड्राइव्ह नाई लावता येत. व्हायरस घुसला तं?"

"घुसलेल्याला हाकलायलाच आले आहे. बाजारात संत्र्याची फोड चाखू देतात, तुम्ही एवढे पैसे घेऊन चाखूही देत नाही?"

नाहीच दिलं.

दुसऱ्या दुकानात लावू दिला. वायफाय मिळालं, आवाज मुका. उठले.

तिसरं रुपेशचं. तो जुने लॅपटॉपही विकतो. एक कुठल्याशा ऑफिसातून निघालेला — काळा, जाड, कोपरे घासलेले. "काकू, नवे सोडून हा डबा काऊन घेता?" वायफाय — मिळालं. आवाज — आला. कॅमेरा — माझंच थोबाड. झाकण मिटून उघडलं, शहाण्यासारखा जागा झाला. आणि कीबोर्डच्या कळा! खोल, टकटक वाजणाऱ्या! उभ्या उभ्या एक ओळ टाइप केली अन् डोळे भरून आले.

रुपेश घाबरला. "काकू, कमी करू का थोडे?"

करू दिले.

९ नोव्हेंबर

कांताने लिनक्स बसवून दिलं. पासवर्ड टाकताना आपणहून तोंड फिरवून बसली. हॉस्टेलातही अशीच होती.

रात्री पानं पुन्हा लिहायला घेतली. वरणापासून सुरुवात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पीयूषचा फोन. "आई, तुझा लॅपटॉप दिसत नाहीये."

"दिसणारही नाही!" मग साठवलेलं सगळं ऐकवलं. सिस्टर, डिंक, पत्रं — त्याला काय कळणार! त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मी वाचत नव्हतो गं काही. सकाळी तू लॅपटॉप उघडलास की माझ्याकडे हिरवा ठिपका लागायचा. बाबा गेले तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, दुपारी कळलं. तेव्हापासून... ठिपका लागला की मगच मी आंघोळीला जायचो."

 

१३ नोव्हेंबर

चहा ठेवायच्या आधी मीच फोन लावला. "उठले रे. जा आता आंघोळीला."