वाळल्या मेथीचा रंग

दादा, तुमचा पणतू, माझ्या भावाचा नातू, पुण्याहून आला आहे आणि सकाळपासून तुमच्या पिकअपखाली पाठ टेकून पडला आहे. बाहेर नुसते पाय दिसतात. तुम्हीही असेच दिसायचात, फक्त तुमच्या पायांत टायरच्या चपला असायच्या आणि याच्या पायांत पांढरेशुभ्र बूट आहेत. इतकी वर्षं शेडमध्ये उभी असलेली ती गाडी त्याला पुन्हा चालू करायची आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग, सगळं तो स्वतः करणार म्हणतो. मी भीत भीत विचारलं, "आणि रंग?" तर तो गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्या ताटात माती घालू का म्हणून विचारलं होतं. "आत्याआजी, रंगाला बिलकुल हात लावायचा नाही. जुना रंग, गंज, ओरखडे, सगळं आहे तसं ठेवायचं. आता सगळीकडे हीच फॅशन आहे." मी पदर तोंडाला लावून हसत घरात आले. ही फॅशन जगात कधी निघाली मला ठाऊक नाही, पण जाफराबादेत ती आपल्या चुलीपुढे निघाली होती, हे तुम्हाला आणि मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले.

ती गाडी आधी जालन्याच्या कापसाच्या जिनिंगवाल्या शेटची आणि तुम्ही तिच्यावर ड्रायव्हर. मला कळायला लागल्यापासून मी तुम्हाला त्याच गाडीत बघत आले. दोन्ही दारांवर पांढऱ्या अक्षरांत शेटचं नाव, आत खिडकीवर कोपर टेकून तुम्ही, आणि मागच्या हौद्यात सरकीची पोती. बाजाराच्या दिवशी धावड्याकडे जाताना वाटेवरच्या वस्त्यांवरच्या बायका तुम्ही हौद्यात घ्यायचात, मिरच्यांच्या पाट्या, कोंबड्या, लेकरांसकट. सगळ्याजणी तुम्हाला मामा म्हणायच्या, तुमच्याहून मोठ्या म्हाताऱ्यासुद्धा. मग बहात्तरचा दुष्काळ पडला, जिनिंग बंद झालं, गाडीचं इंजिन जाम झालं आणि शेटनी ती भंगारात काढली. ती तुम्ही घेतलीत. आपल्या बौद्धवाड्यात कुणाच्या दारात उभी राहिलेली ती पहिली गाडी, आणि ती आली बैलांनी ओढत! तुम्ही आत स्टिअरिंग धरून बसला होता, मान अशी ताठ, जसं काही बैल नव्हे, इंजिनच ओढून राहिलं आहे. मायनं चाकांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि तुम्ही वाड्यात गूळ वाटला.

दुष्काळ सरला, पुढचा हिवाळा आला, आणि तुम्ही जुन्या जालन्यातून मिस्त्री आणलात. अंगणात गोणपाटावर इंजिनाचा एकेक भाग मांडलेला. मी तेव्हा डी.एड.च्या सुटीत घरी आले होते. तुम्ही दोघं सगळे भाग रॉकेलमध्ये धुऊन राहिला होता, आणि धुवायला घेतली होती मायची पीठ मळायची परात. माय भाकरी करायला उठली, तिनं परात शोधली, आणि मग जे काही झालं ते मिस्त्री पुढे जालन्यात सांगत फिरला म्हणतात. "इंजनाची भाकर खा आज," असं म्हणून तिनं चूलच पेटवली नाही. त्या दिवशी आपण चुरमुऱ्यांवर भागवलं. पण गाडी सुरू झाली तेव्हा माय सगळ्यांच्या पुढे उभी होती. तुम्ही हँडल मारता, गाडी खोकते, गप्प होते, तुम्ही पुन्हा मारता, आणि एकदम असा धूर आणि असा आवाज निघतो की कोंबड्या उडून घराच्या धाब्यावर जातात. तुम्ही हँडल हातात धरून नुसते हसता आहात. तुम्हाला तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग निघाला रंगाचा विषय. गाडीचा मूळ रंग हिरवा, पण उन्हानं तो वाळत घातलेल्या मेथीसारखा झालेला. कडांना गंज, हौद्याला पोत्यांनी घासून घासून आलेली करडी झाक. मला तो रंग आवडायचा आणि मी तसं बोलूनही गेले. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हता, त्या दिवशी चढवलात. "लोकाच्या अंगावरून उतरलेलं जल्मभर नेसलो आपुन. ही गाडी बी त्याच्याच नावानं फिरवू का? लाल करायची. भडक लाल. लांबून दिसाय पायजे." माझ्या अंगावरचं पोलकंसुद्धा कुणाच्या तरी लेकीचं उतरलेलं होतं, आणि ते तुम्हाला दिसत होतं. मला फार वाईट वाटलं होतं त्या दिवशी, दादा. रंगाचं नाही, तुमचं.

रंगारी आला. त्यानं डावी बाजू रंगवली, दारावरचं शेटचं नाव लाल रंगाखाली गडप झालं, आणि उजवी बाजू बाजारानंतर करतो म्हणून तो कुठल्याशा लग्नघरी कामाला निघून गेला. थंडीत रंग नीट वाळलाही नव्हता. दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं, पण तुम्हाला कुठला दम! बाजाराच्या दिवशी तुम्ही तशीच निघालात, एका बाजूनं नवरी आणि दुसऱ्या बाजूनं म्हातारी अशी गाडी घेऊन, आणि शेजारी मी.

वस्तीच्या फाट्यावर लिंबाखाली बायका उभ्या आहेत. आपण डावीकडून जाऊन थांबतो. एकही बाई हलत नाही. सगळ्या आपल्या पलीकडे, आलो त्या रस्त्याकडे बघून राहिल्या आहेत. तुम्ही हॉर्न दिलात. पुढची म्हातारी हातानं आपल्याला पुढं जायची खूण करते. "जा बापा, जा. आमची गाडी मागून येऊन राह्यली." तुम्ही माझ्यावरून वाकून खिडकीतून डोकं बाहेर काढलंत. "अवं मीच हाये की!" म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून निरखलं. "तुमी हाव, पन गाडी कोनाची? शेटनी नवी घेतली का? मंग तुमाला पुन्हा नोकरीवर ठिवलं म्हना!" दुसरी हळहळली, "आन आपली गाडी इकली व्हय मामा?"

तुमचा चेहरा मला तेव्हा बघवला नाही. तुम्ही खाली उतरलात, त्यांना गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला नेलंत, हीच ती म्हणून दाखवलंत. मग त्या चढल्या. पण कशा? पायातलं हातात घेऊन. पाट्या मांडीवर, कोंबड्या पदराखाली, आणि लेकरांना दटावून, "हात लावू नको, रंग लागंल, शेट बोलंल." त्या गाडीचा शेट कोण हे एवढं सांगूनही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. धावड्यापर्यंत हौद्यातून आवाज म्हणून नाही. एरवी तिथं जागेवरून, पाटीवरून, सासरच्या माणसांवरून काय रणकंदन माजलेलं असायचं! रात्रीच्या भाकरीला तुम्ही पहिला घास मोडलात आणि तसाच ठेवलात. मायनं विचारलं, काय झालं. तुम्ही म्हणालात, "आज कुनी भांडलं न्हाई."

मला वाटलं, माय समजूत घालील. तिनं तसलं काही केलं नाही. सकाळी तिनं तुमचा हात धरून तुम्हाला गाडीत बसवलं, उजव्या खिडकीवर तुमचं कोपर नेऊन टेकवलं आणि उचललं. तिथला रंग पार गेलेला होता, आतला पत्रा बशीसारखा गुळगुळीत झाला होता. त्या दारावरची शेटच्या नावाची सगळी अक्षरंही तुमच्या बाहीनं पुसून नेली होती. "हे कोनं घासलं? शेटनं? शेट कधी बसला व्हता हितं?" मग तिनं मागं बोट दाखवलं. "आन हौद्याचा रंग बायांच्या पाट्यांनी गेला. हे समदं तुमच्या हातनं झालंय. उतरलेलं कापड कशाचं म्हनता याला?" एवढं बोलून ती शेणाची पाटी उचलून निघून गेली. उरलेलं काम आपल्यावर सोडून.

आपण रॉकेल घेतलं, जुनी धोतरं फाडली आणि डावी बाजू पुसायला लागलो. रंगाऱ्यानं खाली घासलंच नव्हतं, त्यामुळे ओला लाल रंग भराभर निघाला आणि खालून आपली मेथी वर आली. तुम्ही गाणंसुद्धा गुणगुणायला लागला होता. आणि मग दार आलं. चिंधी फिरवता फिरवता एकेक पांढरं अक्षर पुन्हा उघडं पडलं, डाव्या दारावर ते सगळंच्या सगळं शाबूत होतं. तुम्ही चिंधी खाली टाकली. "मंग ऱ्हाऊ द्या लालच," म्हणालात, आणि ओट्यावर पाठ फिरवून बसलात. तुमच्या त्या पाठीकडे बघून मी ठरवलं की हे नाव जाईल, आणि त्याच्या सोबत दुसरं काहीही जाणार नाही.

आधी विळ्याच्या पाठीनं मी अक्षरं खरवडली, पार पत्रा लागेपर्यंत. मग हिरवा ऑईलपेंट आणला आणि चुलीपुढे बसले. पहिल्यांदा कालवला तर पोपट झाला. गेरू घातला तर शेण. तुम्ही ओट्यावरून हळूहळू सरकत दारापर्यंत आला होता आणि काहीच न पाहिल्यासारखं करून सगळं बघत होता. "काजळी घाल जराशी," तुम्हीच म्हणालात शेवटी. काजळी घातली, चिमूटभर राख घातली, करडईच्या तेलाचे थेंब सोडले, आणि मायच्या भाकरीच्या तव्यात तो रंग जुळला. बोटानं दारावर लावून पाहिला तर माझं बोट कुठे टेकलं होतं ते मलाच सापडेना. चिंधीच्या बोळ्यानं टिपून टिपून मी दार भरलं. दोन दिवस ऊन दाखवलं. तरी ते चकाकतच होतं. तेव्हा तुम्ही मायला हाक मारलीत. ती काथ्या आणि राख घेऊन आली, दारापुढे मांडी घालून बसली आणि कुरकुरली, "जल्मभर भांडी चमकवली, आन आता चमक काढाया लावता व्हय मला?" पण काढली तिनं. एवढी बराबर काढली की त्या दारावर कधी कुणाचं नाव होतं, असं कुणी शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं.

पुढच्या बाजाराला आपण फाट्यावर पोचायच्या आधीच बायका पाट्या डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. म्हातारी चढता चढता दारावर थाप मारून म्हणाली, "आली बया आपली गाडी." गाडी हलली न हलली तोच मागे कुणाची तरी कोंबडी सुटली, कुणाच्या तरी मिरच्या सांडल्या, आणि दोघीतिघींची अशी जुंपली की धावडं येईपर्यंत कुणी कुणाला ऐकेना. मी म्हणाले, "दादा, थांबवा ना त्यांना." तुम्ही कोपर खिडकीवर टेकलंत. "राहू दे," म्हणालात, "जल्दी काय हाये?" आणि गाडी अजून हळू घेतलीत.

त्याच महिन्यात तुम्ही जुन्या जालन्यातून माझ्यासाठी ब्रश आणलेत, पत्र्याच्या डब्यातले, लहानमोठे. काम तर झालं होतं. मी हसले तशी तुम्ही म्हणालात, "मास्तरीण होनार ना तू? शाळेच्या भिंतीवर दुसऱ्याच्या ब्रशनं लिहिशील का?" त्यातला बारीक ब्रश नोकरीभर वापरला मी, शाळेच्या भिंतीवरची सगळी फुलं, पक्षी, बाराखड्या त्यानंच काढल्या. तुम्ही गेल्यावर केस झडले त्याचे, पण दांडी आहे.

आज दुपारी पणतू ओलं फडकं घेऊन गाडी पुसत होता. डाव्या दाराशी आला आणि एकदम ओरडला, "आत्याआजी, हे बघ! अख्ख्या गाडीत सगळ्यात अस्सल जागा ही. हा एकदम मूळचा रंग आहे. असा रंग कुणी मुद्दाम आणतो म्हटलं तरी येणार नाही." तो त्यावरून हात फिरवत होता आणि मला मायची राखेनं भरलेली बोटं दिसत होती. सांगावंसं फार वाटलं. माझ्या आयुष्यात माझ्या चित्रकलेला एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती. मग त्यानं विचारलं, "जुन्या गाड्यांवर मालकाची नावं असायची. हिच्यावर कुणाचंच नाही. म्हणजे ही पहिल्यापासून पणजोबांचीच ना?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले.

तुम्हाला खोटं चालत नसे, मला माहीत आहे, आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय नाही हे त्या दृष्टीनं बरंच आहे. शेटचं नाव मला अजून काना-मात्रेसकट आठवतं. एकेक अक्षर मीच खरवडलं होतं, विसरेन कशी? पण या कागदावर ते मी लिहिलेलं नाही, आणि उद्या पोरानं पुन्हा विचारलं, तर आठवत नाही म्हणणार आहे.