यंत्राचा खाऊ

२ ऑगस्ट

आलो एकदाचे! चांगह्वाहून निघाल्यापासून दोउदोउची बडबड एवढी चालू होती, की पुढच्या बाकावरचे एक आजोबा वळून म्हणाले, "पोरीला ब्रेक बसवायचाच राहिला वाटतं." ती त्यांनाच विचारायला लागली, तुम्हाला दात किती उरलेत म्हणून. माझी लेक आठ वर्षांची, पण जिभेला हाड नाही. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमानच वाटतो.

राजधानीलगतच्या चुंगहेतली ही खोली पाचव्या मजल्यावर आहे. वर पत्रा, खाली सकाळचा बाजार. दुपारी तव्यावर बसल्यासारखं वाटतं. तिचा बाबा समुद्रापलीकडच्या कारखान्यात, नव्या वर्षाच्या सणाला तेवढा येतो. फोनवर म्हणाला, पेइ-चेन, एकटीला जमेल ना? म्हटलं, गेली पाच वर्षं कोण करतंय मग? हसला बिचारा.

उद्यापासून नोकरी. मी आज फार खुशीत आहे.

४ ऑगस्ट

कंपनी मदरबोर्ड बनवते. माझं काम म्हणजे नव्या बोर्डावर संगणक उभा करायचा आणि त्याच्यावर बेंचमार्क चालवायचा. हा प्रोग्राम म्हणजे खडूस परीक्षक. गणितं घालतो, हजारो फायली आवळायला लावतो, पडद्यावर धबधबे आणि जंगलं काढून घेतो आणि शेवटी एकच आकडा तोंडावर फेकतो. दुकानात गिऱ्हाईक तो आकडा बघूनच बोर्ड उचलतं. चेल्याओ साहेब मोजकं बोलतात. आज एवढंच म्हणाले, की समोरच्या कंपनीच्या बोर्डाला आपण शंभर धरतो, आपला चौऱ्याण्णववर अडकलाय, याच महिन्यात तो जगापुढे मांडायचाय. शंभराच्या पुढे न्या.

माझ्या शेजारच्या टेबलावर आ-खुन नावाचा मुलगा बसतो. मुलगा कसला, पस्तिशीचा बाप्या आहे, पण वागणं पोरासोरासारखं. चाचणीच्या यंत्राला तो 'दादा' म्हणतो. यंत्र नीट चालावं म्हणून सगळीकडे ठेवतात ते हिरवं पाकीट दादाच्या डोक्यावर ठेवलेलं आहेच. नारळाच्या चवीचा मक्याचा खाऊ, त्यावर पेनाने लिहिलेलं, 'शहाण्यासारखा वाग.' आ-खुन मला नियम शिकवायला लागला: हिरवंच हवं, पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं, तारीख उलटायच्या आत बदलायचं, फोडायचं नाही. म्हटलं, अरे बाबा, मी काय परदेशातून आले? चांगह्वाच्या दवाखान्यात श्वासाच्या यंत्रावरसुद्धा हेच पाकीट असतं. तो म्हणाला, "ताई, सांगून ठेवलेलं बरं. मागच्याने पिवळं ठेवलं होतं. आठवडाभर दादा उठलाच नाही."

७ ऑगस्ट

चौऱ्याण्णव. पंखे बदलले, चिपवरचा लेप बदलला, मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. चौऱ्याण्णव. दादा ढिम्म.

भुतांचा महिना लागला आहे, मेलेले या दिवसांत फिरायला बाहेर पडतात. ऑफिसात कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही, मोठ्याने नावं घेत नाही. आ-खुन तर जिन्यात शीळसुद्धा घालत नाही. दोउदोउचा सुट्टीतला वर्ग दुपारी संपतो, म्हणून साहेबांनी तिला प्रयोगशाळेत बसायची परवानगी दिली. ती टेबलाखाली चित्रं काढते आणि वर आम्हाला गाणी ऐकवते. चेल्याओ साहेबांनाही तिने 'टकलू काका' करून टाकलंय, आणि ते चक्क हसले.

मला तीन महिन्यांनी कायम करायचं की नाही, ते या बोर्डावर ठरेल असं दिसतं.

९ ऑगस्ट

आज एक आगाऊपणा केला.

दुपारी आ-खुन जेवायला गेलेला. दोउदोउने भुकेने टाहो फोडला होता आणि खाली दुकानात जायला मला फुरसत नव्हती. दादाच्या डोक्यावरचं पाकीट काढलं आणि तिला फोडून दिलं. माझ्या खणात नवं होतं, ते ठेवणारच होते ना. जुनी पाकिटं शेवटी सगळे वाटून खातातच. तिने पाच मिनिटांत फस्त केलं आणि बोटं चाटली.

नव्या पाकिटावर काय लिहायचं? शहाण्यासारखा वाग, शहाण्यासारखा वाग! वागून काय दिवे लावले याने? मी लिहिलं, 'पळ. जोरात पळ.' आणि ठेवलं त्याच्या डोक्यावर.

१० ऑगस्ट

सत्त्याण्णव! काहीही न बदलता! तीनदा चालवून पाहिला. आ-खुनने पाकिटावरची अक्षरं वाचली आणि म्हणाला, ताई, असं नसतं लिहायचं. पण हसत म्हणाला.

१३ ऑगस्ट

एकशे एक. साहेबांनी सगळ्यांना दुधाचा थंड चहा पाजला आणि माझी पाठ थोपटायला हात उचलून, महिना आठवून, पुन्हा खाली घेतला. सगळे खो खो हसले.

दोउदोउ मात्र हसली नाही. म्हणजे हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. रात्री जेवताना तिने घास तोंडाशी नेऊन तसाच धरून ठेवला होता. ऊन लागलं असेल. उद्या तिला मुगाचं गार सूप करून देते.

१६ ऑगस्ट

एकशे आठ.

दोउदोउला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बत्ती मारली, गुडघ्यावर हातोडी मारली. गुडघा उडाला, पण इतक्या उशिरा, की मी मनात म्हटलं होतं, आता उडणार नाही. ते म्हणाले, मुलं सुट्टीत आळसावतात. आळस? ही? माझी दोउदोउ प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देणारी. आज मी विचारलं, पाणी हवं का? मी भांडी घासून आले, तेव्हा ती म्हणाली, "हो."

१८ ऑगस्ट

आज कंपनीच्या दारात भुतांसाठी पूजेची टेबलं मांडली होती. फळं, बिस्किटं, शिजवलेली कोंबडी, उदबत्त्या. सगळे बाहेर होते. मी आत राहिले, कारण मला एक बघायचं होतं.

माझा धंदाच मोजायचा. मी दोउदोउला समोर बसवून म्हटलं, बाळा, अंक मोज. ती हळूहळू मोजत होती. मी बेंचमार्क सुरू केला. ती 'बारा' म्हणून थांबली. तोंड उघडं, जीभ वर. पापणीसुद्धा हलेना. पडद्यावर धबधबे कोसळत होते, जंगलातून वारा सुटला होता. प्रोग्राम संपला, आकडा उमटला, आणि ती म्हणाली, "तेरा."

मी पुन्हा चालवला. ती पुन्हा थांबली.

हे मी केलं. मीच केलं. देवा, मी हे काय करून बसले?

१९ ऑगस्ट

आ-खुनला सगळं सांगितलं. वाटलं, चेष्टा करील. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, तारीख भरत आल्यावर उतरवलेलं पाकीट आपलं असतं. कामावर असलेलं पाकीट त्याचं असतं. तू त्याच्या तोंडचा घास काढून पोरीला दिलास, आणि वर त्याला पळायला सांगितलंस. मग तो कुणाच्या जिवावर पळणार?

नवं पाकीट आणलं. त्यावर माफी लिहिली, 'हळू चाल, शहाण्यासारखा वाग' लिहिलं. आ-खुनने देवळातून कौल लावायच्या अर्धचंद्री लाकडी फोडी आणल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. मी यंत्रापुढे गुडघे टेकून विचारलं, सोडतोस का माझ्या लेकीला?

दोन्ही पालथ्या. तीनही वेळा.

एकशे सतरा.

२० ऑगस्ट

सरळ वायर उपटली. मरू दे नोकरी, मरू दे बोर्ड. पंखे थांबले आणि मी मागे वळले.

ती खुर्चीत होती. छाती हलत नव्हती. मी नाकाशी हात धरला, श्वास नव्हता. अंग गरम, पण श्वास नाही. मी वायर परत खुपसली. दादा उठायला किती वेळ घेतो हे पहिल्या आठवड्यात मी रोज मोजायचे, कंटाळायचे, जांभया द्यायचे; तेव्हापासून तो बंद केलेलाच नव्हता. आज मी जमिनीवर डोकं आपटत होते. पडदा उजळला आणि तिने श्वास घेतला.

आता तो बंदही करता येत नाही.

२२ ऑगस्ट

आगीतून फुफाट्यात. बोर्ड काल जगापुढे मांडला, वर्तमानपत्रांत आकडा छापून आला, साहेब आनंदात आहेत. म्हणाले, तुला कायम केलं. मग म्हणाले, दादातला नमुन्याचा बोर्ड नेहमीप्रमाणे सोमवारी चिरडायच्या यंत्रात घालायचा. नमुने बाहेर जाता कामा नयेत.

मी त्यांच्या पाया पडले. त्यांना वाटलं, आभार मानते आहे.

दोउदोउ आज दिवसभरात एकच शब्द बोलली. 'आई' म्हणायचं होतं तिला. 'आ' सकाळी म्हणाली.

२३ ऑगस्ट

आ-खुन म्हणतो, त्याच्या गावी एकाचं देणं दुसऱ्याला अंगावर घेता येतं. त्याच ताटातलं खावं लागतं. मी म्हटलं, स्पष्ट बोल. म्हणाला, ताई, मला नको विचारूस ना.

दादाच्या डोक्यावरचं पाकीट काढलं. तारीख पुढच्या वर्षाची. फोडलं आणि सगळं खाल्लं, तळाचा चुरासुद्धा. यंत्राला म्हटलं, ती लहान आहे, तिला सोड. माझ्या जिवावर पळ.

फोडी टाकल्या. एक उताणी, एक पालथी. होकार. पुन्हा होकार. पुन्हा.

मागून आवाज आला, "आई, भूक लागली, हा पंखा एवढा का वाजतो, टकलू काका कुठे आहेत, मला आंब्याचा बर्फगोळा हवा!" एका दमात! मी तिला छातीशी धरून रडले. ती म्हणाली, आई, सोड ना, गुदमरते मी.

२४ ऑगस्ट

आ-खुनने साहेबांना चिरडायला दुसरा, मेलेला बोर्ड दिला. दादाला बॅटरीवर चालू ठेवूनच हातगाडीवरून माझ्या खोलीत आणला. कोपऱ्यात घरघरतो आहे. बंद करायचा नाही, हे दोउदोउकडून दहा वेळा घोकून घेतलं. आ-खुनने माझ्या नवऱ्याला फोन केला. मला बरंच वाटतंय. हात थोडा जड आहे, एवढंच.

२८ ऑगस्ट

दोउदोउ म्हणते, आई, तू फार हळू बोलतेस. म्हटलं, दमलेय गं. ती म्हणाली, किती वेळाने उत्तर देतेस!

तिने माझ्या केसांना वेणी घातली. सुरुवात केल्याचं कळलं. संपल्याचं —

२ सप्टेंबर — नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ५ आहे

शाळा सुरू झाली. दप्तर घेऊन गेली. मी हात हलवायला उचलला, तेव्हा परत आली होती.

आ-खुन समोर बसला होता. मी म्हटलं, ये. खुर्ची रिकामी होती.

सप्टेंबर

घास उचलला तेव्हा भातावर वाफ होती. तोंडाशी आला तेव्हा भात वाळलेला —

ती बोलते ते कळत नाही. डास गुणगुणल्यासारखं. मी तिला सांगितलं, बाळा, हळू बोल. ती रडायला लागली. मग गेली होती. मग पुन्हा तिथेच, वेगळा फ्रॉक.

खिडकीत ऊन येतं, जातं. येतं, जातं. दिवे फडफडल्यासारखं

थंडी

नवरा आला आहे. म्हणजे वर्षाचा सण. तो माझ्यापुढे बसून रडतो. रडू नको म्हणायचं होतं. दाढी वाढली. पिकली आहे का? काल तर —

काल नाही.

कोपऱ्यात दादा पळतोय. आकडा पडद्याच्या बाहेर गेलाय.

कॅलेंडरवरची तारीख कुणीतरी फाडतं. मला वाचता येत नाही, इतकी पटापट

दोउदोउचा गणवेश निळा होता. आता पांढरा. मोठ्या शाळेचा. तिची उंची दारातल्या खुणेच्या वर गेली. मी पेन उचललं तेव्हा खुणेच्या खाली होती —

मला पश्चात्ताप नाही. एवढं तिला कळलं पाहिजे. ती पळते, हसते, भांडते. मी बघते. फक्त जरा थांब गं. एक क्षण. माझ्यासमोर एक क्षण बस

बसली आहे. मागे. माझ्या हातावर हात ठेवलाय. मोठा हात आहे, नखं रंगवलेली, उबदार. ती उठली नाही. वाट बघते आहे. किती दिवसांपासून बघते आहे कोण जाणे. मला तिचा चेहरा पाहायचाय. मान वळवायला घेतली आहे. थांब दोउदोउ, वळतेच आहे. केस दिसले, काळे आहेत. कान दिसला. केसांत एक पांढरा — दोन — थांब बाळा, आलेच, गाल दिसतो आहे, फक्त डोळे