खोलीत आम्ही दोघी

४ मार्च

निवड झाली! विभागाच्या यंदाच्या गौरवासाठी विद्यार्थ्यांमधून मी घेतलेली मुलाखत, प्राध्यापकांमधून आमच्या मॅडम – त्यांच्या ध्वनिसंग्रहासाठी. इतिहास विभागाच्या दाराशी फलकावर दोघींचे फोटो शेजारी शेजारी.

फोटोखाली विभागप्रमुखांनी एक ओळ घातली आहे – ‘घराण्यातली पहिली शिकलेली’. खरं आहे ते. तरी तिथून जाताना मी भिंतीच्या बाजूला बघत नाही.

मुलाखत आत्याची. तिचा जन्म सूतगिरणीत गेला. मॅडमचा नियम मी पाळला होता: यंत्र सुरू केलं की आधी तारीख, मग जागा, मग खोलीत कोण कोण आहे ते बोलायचं. तान्हं बाळ झोपलेलं असलं तरी सांगायचं. मी म्हटलं होतं, “खोलीत आम्ही दोघी.” आज परत ऐकून खात्री केली. म्हटलंय.

५ मार्च

आईचा फोन. लाँड्रीतून समारंभाच्या दिवशी सुट्टी मिळाली. फोटोत केस नीट विंचरलेत ना, हेच फिरून फिरून विचारत होती.

७ मार्च

मॅडमनी बोलावलं. समारंभात ऐकवायचा तुकडा निवडत होत्या. सहज म्हणाल्या, “मागे पाढे म्हणणारी मुलगी गोड आहे गं. कोण ती?”

मुलगी नव्हती मॅडम, मी म्हटलं. कुणीच नव्हतं.

त्या मला ध्वनिकक्षात घेऊन गेल्या. तिथले तंत्रज्ञ – त्यांना सगळे ‘कान’च म्हणतात – त्यांनी तो भाग लावला. मी विचारते आहे, “तुला शाळेत जावंसं नाही वाटलं?” आणि मग शांतता. प्रश्न विचारला की गप्प बसायचं, हाही मॅडमचाच नियम. त्या शांततेत मला आजवर फक्त पंखा ऐकू यायचा.

आज ऐकू आलं. बारीक, घाईचा आवाज. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... सतरा साते – थांबली. सतरा साते –

मग आत्याचा आवाज: “परत म्हण.”

लिहून काढताना मी तिथे टीप टाकली होती – आत्याला प्रश्न नीट ऐकू आला नाही. किती सोयीचं!

शेजारचं मूल असेल, मी म्हटलं. कान मान हलवत म्हणाले, “शेजारचं नाही. तुझ्यापेक्षा माइकच्या जवळ बसलीय ती.”

मॅडम दारात हळूच म्हणाल्या, कोण होतं ते विचारून ये. जे असेल ते. पण खोटी हजेरी माझ्या संग्रहात राहणार नाही.

९ मार्च

आत्याकडे गेले. एकच खोली, एकच दार. खिडकी रस्त्याच्या आवाजामुळे कायमची बंद. ती मटार सोलत होती. मला पाणी दिलं, स्वतःला घेतलं, तिसरा पेला स्टुलावर ठेवला.

मुलाखतीच्या दिवशीही तीन होते. मी पाहिले होते. कुणी यायचं असेल असं वाटून गेलं होतं.

कसंबसं विचारलं. तिचे हात थांबलेही नाहीत.

“मग तू दोघी का म्हणालीस? मला तेव्हाच वाटलं, एवढी शिकलेली पोरगी, आणि हिला तीनपर्यंत मोजता येत नाही.”

धाकटी. आत्याची बहीण – बाबांच्या जन्माआधीची. बाबांना तिच्याबद्दल कुणी सांगितलंच नाही. तिला शाळेचं वेड. दोघींचं काम आत्या एकटी ओढायची आणि धाकटी लपून वर्गात जाऊन बसायची. पुढे आजोबांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून तिलाही यंत्रावर उभं केलं. पट्ट्यात वेणी अडकली.

“सतराच्या पाढ्यावर होती,” आत्या म्हणाली. “सातच्या पुढे सरकेना. मला तर एकही येत नाही, मी काय सांगणार? नुसतं परत म्हण, परत म्हण. ऐकायला कुणी बसलं की तिला हुरूप येतो.”

माझ्या पेल्यातलं पाणी तसंच राहिलं. तिसऱ्याकडे मी निघेपर्यंत पाहिलं नाही.

१० मार्च

‘शेजारचं मूल’ असं म्हटलं तर सगळं सुरळीत. पदक माझं, आई पहिल्या रांगेत. रात्रभर तेच घोळवलं.

सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. मुलाखतीला नवी हजेरी जोडायची – खोलीत आम्ही तिघी. आणि फोटोखालची ओळ काढायची. पहिली मी नाही.

मॅडम गप्प बसल्या, मी आणखी बोलावं म्हणून बसतात तशा. “मग तिघी,” त्या म्हणाल्या.

विभागप्रमुख हसले. आता भुतांचीही हजेरी घ्यायची का विद्यापीठात? मग हसू गेलं. हजेरी बदलायची असेल तर मुलाखत गौरवातून बाद. विचार करून सांग म्हणाले. मी तिथेच सांगितलं.

११ मार्च

फलकावर माझ्या जागी चार टाचण्यांची भोकं.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “दुसऱ्याचा पहिला नंबर आपण कसा घ्यायचा? सुट्टी काढलीच आहे, तर तुझी खोली बघायला येते.”

फोन ठेवल्यावर रडले.

१४ मार्च

समारंभ. मॅडमचं नाव पुकारल्यावर आईनं सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. ओळख ना पाळख!

तिला बसवून मी ध्वनिकक्षात गेले. नवी हजेरी जोडायची होती. कान यंत्रापाशी होते. दोघांनी शेवटचं एकदा ऐकलं. सतरा सक एकशे दोन. सतरा साते –

तोंडातून निघून गेलं. “एकशे एकोणीस.”

शांतता. आत्याचं ‘परत म्हण’ आलंच नाही.

मग त्याच आवाजात, जरा सावकाश – “सतरा साते एकशे एकोणीस. सतरा आठे एकशे छत्तीस.” दाहेपर्यंत, न अडखळता.

कानांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “हे यात नव्हतं,” म्हणाले.

१६ मार्च

आई काल परत गेली. दुपार. वसतिगृहाच्या खोलीचं दार आतून बंद. अभ्यासाला बसले आहे. टेबलावर पाण्याचे दोन पेले. दुसरा मी का भरला, ते आठवत नाही.

खोलीत आम्ही दोघी.

अठरा एके अठरा.