गाडीभर हवा

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. धंदा मोठा झाला की सुरुवात कशी झाली हे लोक विचारतात. तेव्हा आठवत बसायला नको.
विमा कंपनीचा फोन होता. त्यांच्या ग्राहकांच्या रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या उचलायच्या, वर्षभराचं कंत्राट. आपण किंवा समोरचा. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा टोइंगवाला, याहून जास्त ओळखीची त्याची लायकी नाही. बावीस तारखेला तपासणी. नवीन अट एकच: टोइंगच्या गाडीवर हवा भरायचा कॉम्प्रेसर पाहिजे. टायर बसलेलं असेल तर जागच्या जागी हवा भरून ग्राहकाला वाटेला लावायचं.
कॉम्प्रेसर मी स्वतः निवडणार. अभ्यास करून.

त्याच दिवशी, दुपार
मेहुण्याला सांगितलं. हा बायकोचा धाकटा भाऊ, आपली गाडी तोच चालवतो. म्हणाला, दाजी, त्यात निवडायचं काय, बॅटरीवर चालणारा डब्याएवढा मिळतो, सीटखाली टाकू, संध्याकाळी येताना घेऊन येतो.
येताना घेऊन येतो म्हणे. कोथिंबीर आहे का?

६ मार्च
अभ्यास जोरात. पीएसआय म्हणजे हवेचा दाब. सीएफएम म्हणजे हवा किती येते ते. जेवताना दोन्ही शब्द सहज वापरले. बायकोने विचारलं की ऑफिसच्या फोनचं बिल भरलं का. आमच्या ऑफिसचा फोन तीच घेते, त्यामुळे तिची नजर फोनपलीकडे जात नाही.

९ मार्च
मेहुण्याने आज विषय काढला. कंत्राट गेलं तर इथे त्याच्यापुरतं काम उरणार नाही, समोरच्याने त्याला विचारून ठेवलंय, आणि त्याला जायचं नाहीये. म्हणून म्हणाला, दाजी, एवढं एक साधं होऊ द्या.
भावनेच्या भरात होता. मी त्याला ड्यूटी सायकल, म्हणजे कॉम्प्रेसर सलग किती वेळ चालतो, ते समजावलं.

१२ मार्च
डीलरकडे गेलो. त्याने विचारलं, किती टायर भरायचे असतात दिवसाला? मी म्हटलं, दूरचा विचार करा. यावर तो खुर्चीतून उठला, चहा मागवला आणि मला मागच्या गोडाऊनमध्ये घेऊन गेला.
तिथे तो होता. स्वतःचं डिझेल इंजिन. माणूस आडवा झोपेल एवढी टाकी. डीलर म्हणाला, रस्ते फोडणारे लोक हाच वापरतात. म्हणजे टायर ही त्याच्यासाठी किरकोळ गोष्ट. समोरच्याने हे पाहिलं तर दुकान बंद करून गावाला जाईल.
हप्त्यावर घेतला.

१३ मार्च
घाई करायची नाही, मापं घ्यायची. आपल्या गाडीची सपाट पाठ स्वतः टेपने मोजली. कॉम्प्रेसर व्यवस्थित बसतो. चारी बाजूंनी जागा राहते.
मेहुणा टेपचं दुसरं टोक धरून उभा होता. म्हणाला, आणि गिऱ्हाइकाची गाडी कुठे ठेवायची?
खुसपट काढायला अभ्यास लागत नाही.

१६ मार्च
बसवला. बोल्टवर माझा विश्वास नाही, सरळ वेल्डिंग करून घेतलं. गाडीच्याच रंगाचा रंग दिला. लांबून रणगाडा वाटतो.
ट्रायल घेतली. आवाज दमदार आहे. वरच्या मजल्यावरचे वकील खाली आले आणि खुणांनी काहीतरी म्हणाले. त्यांच्या सायकलीत हवा भरून दाखवली. भरली. मग टायर फुटलं. टायर जुनं होतं.

१८ मार्च
पहिला कॉल. इंजिन बंद पडलेली गाडी. मेहुणा रिकामाच परत आला. म्हणतो, गाडीची पुढची चाकं चढली, मग कॉम्प्रेसर आडवा आला, मागची चाकं रस्त्यावरच राहिली. गिऱ्हाइकाने शेवटी समोरच्याला बोलावलं.
निम्म्याहून जास्त गाडी चढली होती. पहिल्या प्रयत्नाला हे वाईट नाही.

१९ मार्च
बायको म्हणाली, अहो, बावीस तारखेपुरता तरी काढून ठेवा. केवळ तिच्या समाधानासाठी वेल्डरला बोलावलं. तो म्हणतो, डिझेलची टाकी काढल्याशिवाय गॅसकटर लावणार नाही. आणि डिझेलची टाकी कॉम्प्रेसर काढल्याशिवाय निघत नाही.
म्हणजे काम किती मजबूत झालंय बघा.

२१ मार्च
निर्धार: उद्या शांत राहायचं. विमा कंपनीच्या साहेबांना आधी बोलू द्यायचं. सीएफएमचा विषय त्यांनीच काढला तर बरं.

२२ मार्च, संध्याकाळ
तपासणी झाली. साहेब कॉम्प्रेसरकडे बराच वेळ बघत होते. इतका वेळ कुणी कौतुकाशिवाय बघत नाही. मग म्हणाले, माझीच गाडी चढवून दाखवा.
मेहुण्याने विंचने ओढून चढवली. जेवढी चढायची तेवढी चढली. साहेबांनी मागची चाकं रस्त्यावरच असल्याचं दाखवलं. मी म्हटलं, सर, आमचं धोरणच वेगळं आहे. हवा भरून गाडी जागेवर सुरू करून दिली तर उचलायची वेळच येत नाही. त्यांनी विचारलं, आणि इंजिन बंद पडलं असेल तर? मी म्हटलं, सर, त्याला हवा काय करणार?
मेहुणा साखळी गुंडाळायला लागला. साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि रस्ता ओलांडून समोर गेले. तिथे समोरच्याने सीटखालून काहीतरी डबा काढला. नीट दिसलं नाही. मी बघत नव्हतो.

२५ मार्च
कंत्राट समोरच्याला. वशिला असणार.
मेहुण्याने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मी म्हटलं, घाईने ठरवू नकोस, नीट विचार कर. तो म्हणाला, नको दाजी, या घरात विचार खूप झाला. जाताना पाया पडला, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

२८ मार्च
समोर फोन सतत वाजतो. इथपर्यंत ऐकू येतो. बायको म्हणाली, इथे फोन घ्यायला मी आहे आणि फोन नाही, तिथे फोन आहे आणि घ्यायला कुणी नाही. सोमवारपासून जाते.
मी परवानगी दिली. तिने मागितली नव्हती, पण घरात शिस्त असावी.

२ एप्रिल, दुपार
गाडी वकिलांच्या गॅरेजसमोर उभी आहे. मेहुणा होता तेव्हाच तिथे लावली होती. वकिलांना कोर्टात जायचंय आणि ते सकाळपासून खाली येऊन जाऊन आहेत. माझं लायसन स्कूटरचं. मेहुण्याचा फोन लागत नाही, ड्यूटीवर असणार.
शेवटी नाइलाजाने समोरच्याच्या नंबरवर फोन केला. बायकोने उचलला. आवाज ओळखीचा, सूर परका. नमस्कार म्हणाली, गाडी कोणती, विचारलं. मी म्हटलं, टोइंगची. तिने विचारलं, गाडीवर माल आहे का? मी म्हटलं, तुला माहीत आहे. ती म्हणाली, लिहून घ्यावं लागतं. मी म्हटलं, कॉम्प्रेसर.
मग पत्ता विचारला. मी म्हटलं, अगं, आपलाच.
ती म्हणाली, पूर्ण सांगा.
सांगितला.