सात आरोप आणि एक बिननावाची माळ

टॅकोमा,
सप्टेंबरचा दुसरा रविवार

तीर्थरूप एमालियाताईस,

धाकट्या कावेकाचा अलोहा आणि वाकून नमस्कार. (समोर असतीस तर नाकाला नाक लावून भेटलो असतो, पण तुझं पत्र वाचल्यापासून मधे समुद्र आहे तेच बरं वाटतंय.) तुझा गुडघा कसा आहे? मोलोकाईवर यंदा आंबे धरले का, आणि शेजारचा म्हातारा अजून तुझ्याच कुंपणातले तोडतो का? इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझ्या भावजयीला, वेल्माला शिंका आहेत, मला वजन आहे आणि जावयाला भुवया नाहीत, एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही.

तुझं पत्र आणि पार्सल एकाच दिवशी मिळालं. मोझेसने इथे आठवडाभर आमचं अन्न खाल्लं, आमच्या कोचावर झोपला, आमचे तीन कार्यक्रम कॅमेऱ्यात भरले आणि कॅसेट थेट तुझ्या दारात नेऊन टाकली. चुलत भाऊ असावा तर असा. तू ती दोनदा पाहिलीस आणि लाल शाईने सात आरोप लिहिलेस, खाली हुकूम: नाताळपर्यंत सुधारा, नाहीतर फलकावरून आपल्या वडिलांचं, पापांचं नाव उतरवा. ताई, ‘एनोका कुटुंब, हवाईचं गाणं आणि नाच’ हा फलक पापांनी स्वतः रंगवला. तो गाडीच्या टपावर बांधून मी बावीस वर्षं या मुलखात फिरतोय. त्यातून ‘एनोका’ काढलं तर मागे राहतो मी, वेल्मा आणि एक जुनी गाडी. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो.

आता घागरे. प्लास्टिकचे आहेत, कबूल. पण त्यामागे इतिहास आहे. जूनमध्ये एका जत्रेसाठी मी खऱ्या पानांचे घागरे आग्रहाने करवून घेतले होते. आमचा मंच गुरांच्या प्रदर्शनाला लागून होता. (मंच कुठे असावा हे आम्हाला कोणी विचारत नाही. मागच्या महिन्यात तो टायरच्या दुकानात होता, तो तुझा आरोप क्रमांक दोन, त्याकडे येतोच.) वेल्मा प्रेक्षकांकडे तोंड करून हसत नाचत होती आणि पाठीमागून पहिल्या बक्षिसाचं एक वासरू तिचा घागरा शांतपणे खात होतं. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि आयोजकांनी पुढच्या वर्षी वासरासह या म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून वेल्मा पान म्हणून घालायला तयार नाही.

टायरच्या दुकानाबद्दल एवढंच म्हणतो की पापांचं खोऱ्याचं गाणं तिथे वाजवलं हे खरं, पण मालक ऐकताना रडला. (नंतर कळलं की त्याला रबराच्या वासाचा त्रास आहे. तरी रडला.) राहिला अग्निनाच. तो सामोआचा, आपला नव्हे, आणि सफरचंदवाल्याच्या पोराने तर मुळीच करू नये, हे मी जावयाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण वेंडेल लग्नाआधी गॅरेजमधे दोन महिने झाडूच्या दांड्यावर सराव करत होता, आपल्यात शोभावं म्हणून. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, तू सांग. भुवया येतील.

चार ते सहा मान्य करतो, कारण कॅसेटमधे दिसतंच आहे. सातवा, की माझ्या गिटारची तिसरी तार उतरलेली होती, हा मात्र अन्याय आहे. ती पाव सुराने उतरलेली होती. एवढं तूच ऐकू शकतेस.

तुझ्या पार्सलबद्दल मात्र किती आभार मानू? माइलेच्या वेलीची ताजी माळ, ओल्या कागदात गुंडाळलेली, डबा उघडताच सगळ्या घरात आपल्या डोंगराचा वास. चिठ्ठी नाही, नाव नाही. पण मी ओळखलं. माइले म्हणजे मानाची माळ, घरच्या कर्त्या पुरुषाची. तोंडाने सात आरोप आणि हाताने माळ, ही माझी ताई. ती मी चार कार्यक्रम घातली, रोज फ्रिजमधे ठेवली आणि भेटेल त्याला सांगितलं की बहिणीने माफ केलंय. वेल्मा दर वेळी माझ्याकडे बघून काहीतरी बोलायची आणि मग शिंकायची.

आणि आता माझी तक्रार. तू सात लिहिल्यास, मी आठवी लिहितो, तीही स्वतःच्या मुलीविरुद्ध. नोहेआ उन्हाळ्यापासून गळ्यातली माळ बांधतच नाही. फुलांची गोल माळ तोडते आणि टोकं खांद्यांवरून टॉवेलसारखी सोडून नाचते. विचारलं तर म्हणते, “डॅडी, उकडतं.” वेल्माला सांगितलं तर म्हणते, “तू तुझ्या तारा बघ.” गेल्या शनिवारी चर्चच्या सभागृहात मी ठरवलं, पापांचं नाव राखायचं तर शिस्त हवी. पडदा सरकायच्या आत मागून गेलो आणि मासेमारीच्या दोऱ्याने माळेला तीन गाठी मारल्या. पोरगी पांढरी पडली. दोन्ही हात गळ्याशी नेऊन म्हणाली, “डॅडी, सोडा. आत्ता सोडा.” मी म्हटलं, तुझी आत्या काय म्हणेल. ती सरळ मंचावरून निघून गेली. सहा वर्षांची असल्यापासून नाचतेय, एक ठोका चुकलेली नाही, आणि त्या दिवशी मी गाण्याची सुरुवात अकरा वेळा वाजवली.

बाराव्या वेळी वेल्मा तिला हाताला धरून घेऊन आली. तिने दाताने दोरा तोडला, सगळ्यांदेखत माझ्या गळ्यातली माइले, तू मला पाठवलेली, काढली आणि नोहेआला घातली. मग नोहेआ पापांच्या खोऱ्याच्या गाण्यावर नाचली. ताई, पापा गेल्यापासून ते गाणं मी असं पाहिलं नव्हतं. हात हलले की वारा दिसत होता. माझे डोळे भरून आले, अर्थात अपमानाने, आणि मी दोन सूर चुकलो. ते मोझेसने टिपलेले नाहीत, म्हणून स्वतः कळवतो. माळ अजून तिच्याकडेच आहे आणि मागायची मला सोय नाही. तू थोरली आहेस, तिला दोन शब्द लिही.

सर्वांना अलोहा. आंबेचोरालाही.

तुझा,
कावेका

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी वेल्माने पत्र वाचलं. वाचता वाचता ती ओट्याला धरून खाली बसली. मग म्हणाली, “अरे कर्त्या पुरुषा, पोटुशी बाईच्या गळ्यात बंद माळ घालतात का? बाळाच्या गळ्याला नाळेचा फास बसतो म्हणतात, हे तुझ्या घरात तुला कोणी शिकवलं नाही?” शिकवलं होतं. मी पोटात असताना आईच्या गळ्यात तू रोज उघडी माळ घालायचीस, हे तू मला हजारदा सांगितलंयस. मला आधी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाली, “माइकवर जाहीर केलं असतंस.” केलं असतं. बाळ ठीक आहे, डॉक्टरांना दाखवलं. नोहेआने मला माफ केलंय. वेंडेलला जूनपासून माहीत होतं, म्हणून तर भुवया गेल्या; लक्ष नव्हतं.

ता. क. २. तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. पाव सुराने उतरलेली तार तुला कॅसेटमधे ऐकू आली. मग तिन्ही कार्यक्रमांत पोरीची माळ उघडी आहे, हे तुला दिसलं नाही असं होणार नाही. सात आरोपांत तो नाही. आणि माइलेची टोकं कधीच बांधत नाहीत, हे मी चार कार्यक्रम ती गळ्यात घालून विसरलो होतो. पार्सलवर नाव नव्हतं, कारण ज्यांना कळायचं त्यांना कळणार होतं. मी फ्रिजमधे ठेवत होतो.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. बाळ फेब्रुवारीत येईल. फलकावरचं नाव उतरवायचं असेल तर शिडीवर मी स्वतः चढेन, वाद घालणार नाही. पण बाळाचं नाव थोरल्यांनी ठेवायचं असतं आणि आता आपल्यात थोरली तूच उरलीस. गुडघा सांभाळून ये. आपल्या रीतीप्रमाणे नाव थोरल्यांच्या स्वप्नात येतं; येईल तेव्हा येईल, घाई नाही. फक्त नाताळच्या आधी आलं तर कळव. कारण स्वप्नात पापाच आले, तर बाळाला त्यांचंच नाव लागेल, आणि मग फलक पुसायला मी रंगाचा डबा उघडत नाही.