खुशबूनं पाठवलेले तीन अल्बम

सानगडी,
रविवार, दुपार

प्रिय खुशबू,

तू पाठवलेले तिन्ही अल्बम ऐकून झाले. नेहमीसारखं बोलून रेकॉर्ड करून पाठवणार होते, पण मागच्या वेळी तूच कुरकुर केलीस की आई, तुझ्या मतापेक्षा कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकू येतात. आणि फोनवर तर तू मला बोलूच देत नाहीस. मी पहिल्या गाण्याबद्दल तोंड उघडते न उघडते, तोच तू पाचव्या गाण्यावरून भांडायला लागतेस. म्हणून या वेळी सरळ कागद घेऊन बसले. बाहेर धान कापून झालेत, शेतातल्या बांध्या रिकाम्या पडल्यात, दुपारी गाव अगदी चिडीचूप असतं. लिहायला बरं आहे.

शिलाँगच्या ‘टिन रूफ टेलर्स’पासून सुरू करते. तू म्हणालीस, हा या वर्षातला सगळ्यात भारी अल्बम. नाही, बाळा. भारी आहे, सगळ्यात भारी नाही. त्यातला बेसवाला मात्र कमाल आहे. गिटार लग्नघरातल्या हौशी काकासारखी सारखी पुढे पुढे करते आणि हा बिचारा मागे राहून सगळी पंगत सांभाळतो. ड्रम असे रेकॉर्ड केलेत की शेजारच्या खोलीत कुणी लोखंडी पेट्या सरकवतंय असं वाटतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोकं उठलं, तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्याच आवाजाची वाट पाहायला लागले. तक्रार आहे ती गाणाऱ्याबद्दल. तिसऱ्या गाण्यात तो एवढा किंचाळतो, पण दुःख कुणाकडून तरी मागून आणल्यासारखं वाटतं. सातव्या गाण्यात तोच पोरगा जवळजवळ बोलल्यासारखा गातो आणि तिथे काळजात हात घालतो. कापगते सर म्हणतात, त्याचं घर खालच्या पट्टीत आहे, वर तो नुसता पाहुणा म्हणून जातो.

कापगते सर कोण, असं विचारशील. सांगते. पावसाळा संपता संपता एका सकाळी दवाखान्यात जायला लाखांदूरच्या गाडीत उभी होते. कानात इअरफोन, तोच वायरचा, ज्याला तू हसतेस. गर्दीत एका बाईच्या पिशवीत वायर अडकली, खटकन निघाली, आणि ‘टेलर्स’ची ती फाटक्या आवाजाची गिटार अख्ख्या एसटीत घुमायला लागली. कंडक्टर ड्रायव्हरला ओरडून म्हणतो, “अबे, गाडीचं काही तुटलं का पाह्य!” लोक खिडकीतून चाकांकडे पाहायला लागले. माझा फोन पर्सच्या तळाशी, तो काही केल्या सापडेना. तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, “असू द्या वो मॅडम, बंद नका करू. बेसवाला काय वाजवून राहिला!” मी वळून पाहिलं. लाखांदूरच्या गाडीत बेस ओळखणारा माणूस! पन्नाशीचे गृहस्थ, मांडीवर गणिताच्या पेपरांचा गठ्ठा आणि त्या गठ्ठ्यावर बोटं गाण्याबरोबर चाललेली. ते धनंजय कापगते. लाखांदूरच्या शाळेत गणित शिकवतात आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की वडशाच्या एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतात. राहतात आपल्याच गावात, तलावाच्या पलीकडे. घरी म्हातारी आई, गोदावरीबाई, आणि ते. आपण इतकी वर्षं इथे राहतोय आणि मला हा माणूस ठाऊक नव्हता, याचंच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी शेजारची सीट धरून ठेवली आणि मी इअरफोनचं एक टोक त्यांना दिलं.

आता पुण्याची ‘उलटी छत्री’. तुझ्या गावची पोरं, म्हणून तू त्यांची बाजू घेणार, पण मी खरं तेच लिहिते. मराठीत रॉक गायचं म्हटल्यावर पोरं एवढी घाबरतात का, कळत नाही. शब्द इस्त्री करून आणलेले. खोलीमालक, घरभाडं, एकटेपणा असं सगळं आहे त्यात, पण कुणी एकदाही चिडून बोलत नाही. चालींना मात्र दहापैकी नऊ. आणि ‘जिना’ हे गाणं! त्या गाण्यात शेवटी सगळी वाद्यं एकेक करून थांबतात आणि नुसती टाळी उरते, तिथे मी स्टॉपवर उतरायचं विसरले. सरांचं आणि माझं याच अल्बमवरून पहिलं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, गिटारचा आवाज असा फाडून वाजवणं म्हणजे चुका झाकायची युक्ती. मी म्हटलं, सर, तुमच्या नाटकात खलनायक येतो तेव्हा तो काय गोड बोलतो का? आवाज फाटायलाच पाहिजे. ते पेपर तपासायला लागले, मला वाटलं रागावले. चार दिवसांनी गाडीत चढले ते हसतच. वडशाला तालमीत खलनायकाच्या एन्ट्रीला त्यांनी ऑर्गनवर ‘टेलर्स’च्या पहिल्या गाण्याची ती गिटारची ओळ वाजवली. खलनायक जागच्या जागी थांबला आणि म्हणाला, “सर, हेच ठेवा. मले आतून ताव आला.” आता ती ओळ नाटकात कायम झाली आहे. शिलाँगच्या पोरांना कुठून कळणार की झाडीपट्टीत त्यांच्या गिटारवर एक माणूस रोज नायिकेचा वाडा बळकावतो आणि लोक शिट्ट्या मारतात. मी एवढी हसले की कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवली.

तुला आठवतं का गं, तू लहान असताना मी पोळ्या करताना काय ऐकायचे? नागपूरच्या होस्टेलवर माझ्या खोलीतल्या टीनानं मला कॅसेटी ऐकवून बिघडवलं, ते बिघडलेपण घेऊनच मी लग्न करून इथे आले. तुझ्या बाबांना जुनी सिनेमातली गाणी आवडायची. माझं गाणं लागलं की ते विचारायचे, “वच्छला, हे गाणं आहे का मिक्सर?” आणि मग एक दिवस भंडाऱ्याहून येताना त्यांनीच इअरफोन आणला. म्हणाले, तू तुझं ऐक, मी माझं ऐकतो, फक्त जेवायला एकत्र बसू. तसंच केलं आम्ही, शेवटच्या आजारापर्यंत. ते गेले तेव्हा तू आठवीत होतीस. पुढची दोन वर्षं मी गाणंच लावलं नाही. मग तू दहावीच्या सुट्टीत माझ्या कानातलं एक टोक काढून स्वतःच्या कानात घातलंस आणि म्हणालीस, आई, याचा ड्रमवाला झोपलाय. त्या दिवशी माझं घर पुन्हा सुरू झालं, बघ.

तू पुण्याला गेल्यावर तू पाठवत राहिलीस आणि मी ऐकत राहिले, पण इथे बोलायला कुणी नाही. दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसून एकदा मी सोबत काम करणाऱ्या शकुनबाईंना एका गाण्याबद्दल इतकं भरभरून सांगितलं की त्या काळजीनं म्हणाल्या, “मॅडम, एकदा बीपी मोजून घ्या ना.” म्हणून म्हणते, त्या गाडीत रोज कुणीतरी माझ्याशी तावातावानं भांडतंय, ही किती चैन आहे, तुला नाही कळायचं. आता तर कंडक्टरसुद्धा विचारतो, आज कोण जिंकलं?

आणि आता ‘मंगळवार बंद’. या नागपूरच्या पोरांचा ‘सत्तेचाळीस डिग्री’ हा अल्बम तू तिसरा पाठवलास, पण माझ्या यादीत तो पहिला आहे. याला म्हणतात आपल्या मातीचं रॉक. कूलरच्या मोटारीचा आवाज धरून गाणं बांधलंय. मधेच पाणी संपतं तेव्हा पंप जसा घरघरतो, तसा बेस घरघरतो. आणि गाणारी पोरगी काहून, कायले, करून राहिली असं बिनधास्त गाते. कॉलेजात असताना आम्ही नागपूरबाहेर तोंड उघडायला लाजायचो, आणि ही पोरगी तेच शब्द माइकमध्ये फेकते!

अल्बम ऐकल्यावर कळलं की त्यांचा नागपुरात कार्यक्रम आहे, रविवारी, दुपारी चारला. सरांना त्याच दिवशी गोदावरीबाईंना डोळे दाखवायला न्यायचं होतं. म्हातारीला एकटी कुठे सोडणार? मग तिघंही गेलो. तुझ्या डोळ्यांसमोर येतंय का, खुशबू? सगळा हॉल काळ्या टी-शर्टातल्या पोरापोरींनी भरलेला आणि पहिल्या रांगेत नऊवारी नेसलेल्या गोदावरीबाई, डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा आणि कानात कापूस. पोरं येऊन त्यांच्याबरोबर फोटो काढत होती. कार्यक्रमाबद्दल सांगायचं तर आवाज पहिली दोन गाणी गचाळ होता, गाणारीचे शब्द कळत नव्हते. सर उठून मागे साउंडवाल्याकडे जायला निघाले, मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. तिसऱ्या गाण्याला सगळं जुळून आलं. ड्रमवाल्याची एक काठी मोडून आमच्या पायाशी पडली, त्यानं बघितलंसुद्धा नाही. अल्बममध्ये जे गाणं चार मिनिटांचं आहे ते त्यांनी खूप लांबवलं, आणि तिथे मला काय झालं माहीत नाही, मी उभी राहिले. साडी, पर्स, चपला, सगळ्यांसकट नाचले. ओरडलेसुद्धा. सत्तेचाळिसाव्या वर्षी, घसा बसेपर्यंत. बाजूची पोरगी म्हणाली, “काकू, यू आर टू गुड!” सर नाचत नव्हते. ते माझ्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर बोटांनी साथ करत होते आणि स्टेजकडे पाहतच नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर गोदावरीबाईंनी कानातला कापूस काढला आणि आपलं मत दिलं. “पोट्टे मेहनती आहेत वो. घामाघूम झाले, पण एकानंबी वाजवणं नाई सोडलं. ते पोट्टी मात्र जेवत नाई वाटते.” एवढं नेमकं तुझ्या त्या गाण्यांच्या वेबसाइटवरसुद्धा कुणी लिहीत नाही. परत येताना भाड्याच्या गाडीत मी पुढे बसले होते, मायलेक मागे. भंडाऱ्याजवळचं शहापूर मागे पडलं आणि म्हातारी मोठ्यानं, ड्रायव्हरलाही ऐकू जाईल अशी, मुलाला म्हणाली, “धनंजय, तू कायले थांबून राहिला रे? मी मरावाची वाट पाहून राहिला का?” मी खिडकीबाहेर बघत बसले. ड्रायव्हरनं, कुणी न सांगता, रेडिओ बंद केला.

ते बोलले ते पुढच्या आठवड्यात, सानगडीच्या स्टॉपवर, गाडी यायला उशीर होता तेव्हा. गणिताचा माणूस, पण वाक्य काही सुटेना. शेवटी म्हणाले, “वच्छलाबाई, गाडीत अर्धाच अल्बम होते. बाकीचा घरी ऐकता आला असता तं...” मी म्हटलं, ऐकता येईल, पण माझ्या गाण्यात मध्येच बोलायचं नाही. ते म्हणाले, “भांडू तं द्याल ना?” म्हटलं, गाणं संपल्यावर. खुशबू, आम्ही लग्न करतोय. हे सांगण्यासाठीच एवढा कागद काळा केला. तुझ्या तेजराममामाला परवा सांगितलं. मला वाटलं होतं, जात काढेल, लोक काय म्हणतील ते काढेल. त्यानं सुपारी कातरता कातरता एवढंच विचारलं, “मास्तर दारू पिते का?” मी म्हटलं, नाही. “मंग अडचण काय आहे?” म्हणाला आणि सुपारीची खांडं माझ्या हातावर ठेवली. त्यांच्याकडचे दोन-चार जण नाकं मुरडतील, आपल्याकडचेही मुरडतील, गोदावरीबाई म्हणतात, मी पाहून घेते त्यांना. लग्नाची नोंदणी भंडाऱ्याला, मग आपल्या घरी बुद्धवंदना आणि जेवण त्यांच्या अंगणात. तारीख मी ठरवू दिली नाही, तू सांगशील ती. तुझ्या बाबांची जागा कुणी घेत नाहीये आणि मी त्यांना विसरले नाहीये, हे तुला सांगायला नको, तरी लिहिते. मला फार आनंद झालाय, बाळा. इतका की तो तुझ्यापासून लपवून ठेवताना हे महिने मला फोनवर धड बोलता येत नव्हतं. पत्र वाचून रडू आलं तर रड, राग आला तर भांड, तुला सगळी मुभा आहे. पण पत्र मिळेल त्या संध्याकाळी फोन कर. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझीच, खूप खूप तुझीच,
आई